भरधाव घोड्यावर तोल का जातो आणि मांड पक्की कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की दुडक्या चालीत सगळं ठीक असतं, पण घोडा पळायला लागला की बूड उडतं, रिकीब (पाय ठेवायची कडी) सुटते आणि स्वतःला सावरताना हात नकळत लगाम ओढतात. यासाठी कोणते व्यायाम करावेत, असा तुमचा प्रश्न आहे. व्यायाम सांगते, पण माझा अंदाज असा की तुमच्यात ताकद कमी नाहीये. तुम्ही जास्त आवळताय.

‘मांड पक्की’ या शब्दांनी मलाही फसवलं होतं. मांड पक्की म्हणजे मांड्या घट्ट, असं धरून मी दोन वर्षं गुडघ्यांनी खोगीर दाबत बसले. एकदा रिंगणात कँटर (दुडकीपेक्षा वेगवान, पण भरधावपेक्षा हळू चाल) करताना घोडा डावीकडे वळला आणि मी सरळ गेले. वाळू होती म्हणून खांद्यावर निभावलं. नंतर माझ्या प्रशिक्षक सरांनी खोगिरावर बसवून गुडघे जोरात आवळायला लावलं आणि म्हणाले, ‘आता टाचा बघ.’ टाचा वर आल्या होत्या, पोटऱ्या मागे सरकल्या होत्या आणि बूड खोगिरापासून सुटलं होतं. कपड्यांचा चिमटा दाबला की तो वर निसटतो, तसंच. शिवाय मागे गेलेल्या पोटऱ्या घोड्याच्या बरगड्यांना टोचतात, त्याला वाटतं ‘आणखी पळ’. तो पळतो, आपण आणखी आवळतो.

आता दुडक्या चालीत जे जमतं ते कँटरला का बिघडतं? ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, तिरके दोन-दोन पाय एकत्र पडतात, चाल दोन ठोक्यांची असते आणि घोड्याचं डोकं जवळपास स्थिर राहतं. त्यामुळे हात एका जागी ठेवले की भागतं. कँटर तीन ठोक्यांची. उजवा मागचा पाय, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकत्र, मग डावा पुढचा, आणि क्षणभर चारही पाय हवेत (दुसऱ्या बाजूची कँटर असेल तर हेच उलट). यात प्रत्येक झेपेला मान खाली-पुढे जाते आणि परत येते. ट्रॉटमध्ये शिकलेले गोठलेले हात इथे दर झेपेला कडियाळ्याला (घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी दांडीला) हिसका देतात. गॅलपमध्ये, म्हणजे भरधाव पळताना, तर ती पायांची जोडीही फुटते, ठोके चार होतात आणि मान आणखी लांबते. म्हणून कोपर ढिला हवा. हात मानेबरोबर पुढे जाऊन परत यायला हवेत, पण तुम्ही लगामाला लोंबकळत असाल तर हात मोकळे होणारच कसे? आधी पाय, मग हात, हा क्रम बदलता येत नाही.

पायांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो अर्धवट उभं राहण्याचा पवित्रा. रिकिबी नेहमीपेक्षा दोन-तीन भोकं वर घ्या. पंजाचा रुंद भाग रिकिबीवर, टाच आपल्या वजनाने खाली, बूड खोगिरापासून जेमतेम वर, कंबरेतून थोडं पुढे वाकलेलं अंग. आयाळीची एक बट मुठीत धरा किंवा घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधून घ्या आणि तो धरा. यात लाज कसली? घोड्याच्या तोंडात लटकण्यापेक्षा आयाळ धरणं हजारपट बरं. हे आधी साध्या चालीत, मग ट्रॉटमध्ये, आणि दोन मिनिटं सलग जमल्यावरच कँटरमध्ये. पहिल्या दिवशी पोटऱ्या पेटतील. तोल मागे गेला तर धपकन बसाल, पुढे गेला तर मानेवर झुकाल, म्हणजे चूक लगेच कळते.

मग त्यात खेळ आणा. ट्रॉटमध्ये नेहमीची उठबस एकास एक असते, ती मोडा: दोन ठोके उभं, एक ठोका बसलेलं. पहिल्यांदा हसू येण्याइतका गोंधळ उडतो. कँटरमध्ये दहा झेपा उभं, पाच बसून. दुसरा खेळ डोळ्यांचा: खाली न बघता सांगायचं की आता घोड्याचा कोणता पुढचा पाय पुढे आला. सोबतच्याने खरं-खोटं करायचं. ताळमेळ ताळमेळ म्हणतात तो मला या खेळातून जितका आला तितका कशातूनच नाही.

प्रशिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवायला तयार असतील तर ती संधी सोडू नका. लगाम त्यांच्या भरवशावर, तुमचे हात आधी कमरेवर, मग पंखांसारखे फाकलेले, मग काही क्षण डोळे मिटून. रिकिबीशिवायही करा, पण पाच-दहा मिनिटंच. थकलं की शरीर पुन्हा आवळायला लागतं आणि तीच सवय पक्की होते.

शर्यतीचे जॉकी पाहा. साधारण १९०० च्या आधी तेही लांब रिकिबींत ताठ बसायचे. मग आखूड रिकिबी आणि ओणवा पवित्रा आला आणि शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. त्याचं कारण २००९ च्या एका संशोधनात मांडलंय: अंगाखालचा घोडा वर-खाली, पुढे-मागे होतो, पण जॉकीचं अंग जवळपास एका रेषेत तरंगत जातं, कारण धक्के त्याचे घोटे, गुडघे आणि कंबर पितात. जॉकीचे पाय यात पिळून निघतात, पण घोड्याचे कष्ट वाचतात. तुम्हाला इतकं ओणवं व्हायचं नाही, तत्त्व मात्र तेच.

नजर आणि श्वास. डोकं चार-पाच किलोंचं ओझं आहे, ते खाली झुकलं की खांदे मागोमाग जातात. वळणाच्या आधी वळणापलीकडे बघा. आणि मोठ्याने झेपा मोजा, कारण मोजताना श्वास रोखता येत नाही. कँटर आणि गॅलपमध्ये घोडा दर झेपेला एक श्वास घेतो. कान दिलात तर ती लय ऐकू येते.

घरी करायचं ते थोडंच. दात घासताना एका पायावर उभं राहा, जमलं की भिंतीजवळ डोळे मिटून. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पंजे ठेवून, कठडा धरून टाचा खाली सोडा. दिवसभर खुर्चीत बसत असाल तर कंबरेचे पुढचे स्नायू ताणून घ्या, ते आखडलेले असले की पाय खाली लांबतच नाही.

वेग वाढवण्याआधी वेग कमी करायला शिका. आधी अंग सरळ करा, मग लगाम घ्या-सोडा, घ्या-सोडा. सलग ओढलात तर घोडा त्यावरच रेलून पळतो. मोकळी जागा असेल तर मोठ्या गोलात घ्या आणि गोल हळूहळू लहान करा. भरधाव असताना एकदम आखूड वळवू नका, घोडा तुमच्यासकट आडवा होऊ शकतो. हेल्मेट आणि टाच असलेले बूट हवेतच. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर पाय अडकतो.

किती दिवस लागतील, असंही तुम्ही विचारलंय. आठवड्यातून दोनदा स्वारी करून माझे गुडघे सुटायला चारेक महिने गेले. एक दिवस कँटर संपल्यावर लक्षात आलं की आयाळ मी धरलीच नव्हती.