गाणं आठवतं, मग गोष्ट का नाही?

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया आहे. खुब्याचं हाड मोडल्यामुळे सध्या ते रुग्णालयात आहेत. वॉर्डात गाण्या-गोष्टींचा तास असतो. गाणं लागलं की अख्खं कडवं न चुकता म्हणतात. पण मी गोष्ट वाचायला घेतली की लगेच चुळबुळ, आणि ‘आता पुढे काय झालं, सांगा बघू’ म्हटलं की चिडतात. गोष्ट बंद करू का?

उत्तर : गोष्ट नव्हे, ते ‘सांगा बघू’ बंद करा. ती परीक्षा झाली, आणि आपल्याला उत्तर येत नाही एवढं त्यांना बरोबर कळतं. या आजारात नुकतंच ऐकलेलं आधी निसटतं. पाचव्या वाक्याला पहिलं वाक्य हाताशी नसेल तर कथा कळणार कशी? गाणं मात्र वर्षानुवर्षं म्हणून अंगवळणी पडलेलं असतं. चालच पुढचा शब्द आणून देते. त्यातही साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या वयातली गाणी जास्त टिकतात. वय झालं म्हणून देवाचीच गाणी लावायची, हे मला कधीच पटलं नाही. तरुणपणी ते काय गुणगुणायचे, ते सासूबाईंना विचारा. लाजतील, पण सांगतील.

गोष्ट वाचू नका, त्यांच्याकडून रचून घ्या. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘टाइमस्लिप्स’ उपक्रमाची हीच रीत आहे. मी वॉर्डात छत्री घेतलेल्या बकरीचं चित्र दाखवते. ‘हिचं नाव काय ठेवू या? कुठे निघाली असेल?’ एक आजोबा म्हणाले, बँकेत. पलीकडच्या आजी म्हणाल्या, लग्नाला. मग बकरी बँकेतच बोहल्यावर चढली! जे येईल ते मोठ्या अक्षरात लिहायचं, मधूनमधून वाचून दाखवायचं. दुरुस्ती अजिबात करायची नाही.

बसण्याआधी चष्मा, श्रवणयंत्र लावलंय का बघा, टीव्ही बंद करा. चुळबुळ खुबा दुखतोय म्हणूनही असेल; त्यांना ते शब्दांत सांगता येत नसेल. सिस्टरांना विचारून घ्या.

आणि एक. एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, दिवसा गुंगी आणि रात्री बडबड सुरू झाली, तर ‘आजारच तसा’ म्हणून सोडून देऊ नका. तो डिलिरियम असू शकतो. संसर्ग, एखादं औषध, तुंबलेली लघवी अशी त्याची कारणं असतात आणि त्यावर उपचार होतात. त्या दिवशी गाणं राहू द्या, आधी डॉक्टरांना बोलवा.