‘कोरीव अकीक’ म्हणावे का?

संग्रहालयातील सिंधू संस्कृतीच्या मण्यांवरून हाताने घडवलेल्या तांबड्या माळेची माहिती मराठीत लिहिताना ‘एच्ड कार्नेलियन’, म्हणजे पांढरी नक्षी असलेला तांबडा शोभेचा दगड, यासाठी ‘कोरीव अकीक’ हा शब्दप्रयोग चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘अकीक’ चालेल, ‘कोरीव’ चालणार नाही.

‘कोरणे’ म्हणजे टोकदार हत्याराने खोदणे. ‘कोरीव लेणे’ म्हटले की छिन्नीच आठवते. या मण्यांवरच्या पांढऱ्या रेघांना आणि वर्तुळांना मात्र छिन्नी लागलेली नसते. सिंधमधील सेहवान येथील एका वृद्ध कारागिराकडून पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी ही रीत समजून घेतली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध केली. किरार नावाच्या झुडपाचे कोवळे कोंब वाटून त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी मिसळायचे, त्या लेपाने झिलई दिलेल्या मण्यावर बोरूने नक्षी काढायची, ती वाळली की मणी निखाऱ्यांत तापवायचा आणि निवल्यावर पुसून घ्यायचा, अशी ती रीत. लेप निघून जातो, पण त्याच्याखालचा दगड पांढरा पडलेला असतो. अशा मण्यावरून नख फिरवले, तर कोरीव कामात लागते तशी खाच सहसा लागत नाही.

घोटाळ्याचे मूळ इंग्रजी नावात आहे. धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघ खाऊन काढण्याच्या कामाचे नाव या दगडाला चिकटले, आणि आपण त्याचे भाषांतर कोशातून उचलले; येथे तर आम्लही नाही, क्षार आहे. म्हणून ‘पांढऱ्या रेघांचे अकीक मणी’ असे साधे लिहावे. पारिभाषिक शब्दच हवा असेल, तर ‘क्षारांकित मणी’ हा मला बरा वाटतो.

‘अकीक’ हा शब्द या जातीच्या सर्वच रंगांच्या दगडांना लागू पडतो, म्हणून आधी ‘तांबडा’ जोडावा. हा तांबडेपणाही पुष्कळदा भट्टीतलाच असतो : गुजरातेतील रतनपूरच्या खाणींतील तपकिरी, लोहयुक्त दगड तापवला की लाल होतो, आणि खंभातचे कारागीर आजही त्याचे मणी घडवतात.

आता आपल्या माळेविषयी. कारागिराने रेघा यंत्राने खोदून त्यांत पांढरा रंग भरला असेल, तर ‘कोरीव’ हाच शब्द बरोबर ठरेल; पण मग तिला ‘प्राचीन रीतीची’ म्हणू नये, ‘प्राचीन घाटाची’ म्हणावे. ‘प्रतिकृती’ हा शब्द माप आणि नक्षी मूळ वस्तूबरहुकूम असेल तेव्हाच वापरावा. एरवी ‘त्या धर्तीवर घडवलेली माळ’ पुरे. ‘सिंधू-प्रेरित’ मला जाहिरातीतले वाटते. माळ ‘ओवलेली’ लिहायची की ‘गाठवलेली’, हे मात्र मण्यांच्या मध्ये दोऱ्याच्या गाठी आहेत की नाहीत, ते पाहून ठरवावे.