उन्हाळ्यात ऑर्किड गच्चीवर ठेवताना

डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस ही दोन प्रकारची ऑर्किडं एकाच जाळीखाली टांगू नका. डेंड्रोबियमला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते. फॅलेनॉप्सिसला ७५ टक्के लागते, आणि पुण्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ते खरं तर पूर्वेच्या बाल्कनीतच बरं.

घरातलं झाड थेट उन्हात काढलं तर एका दुपारीत पान भाजतं: आधी फिकट पांढरट डाग, मग तोच वाळून तपकिरी, कागदासारखा. तो भरून येत नाही, पण कोरडा असेल तर पान कापू नका, झाडाला ते अजून उपयोगी आहे. डाग ओलसर होऊन पसरू लागला तर मात्र ती सड, लगेच कापा. म्हणून पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळी नऊपर्यंतचं ऊन. नंतरही दुपारी पान हाताला गरम लागलं, तर सावली कमी पडतेय.

पाणी सकाळी लवकर, आणि पाइपमधलं तापलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या. कोळसा-विटांच्या तुकड्यांतल्या डेंड्रोबियमला रोज. नारळाच्या सोडणात असेल तर बोट घालून बघा. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात साचलेलं पाणी टिपून घ्या.

कुंडी तापलेल्या स्लॅबवर नको, दोन-अडीच फूट वर टांगा. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही मुळं भिजवल्यावरच. पानांखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी ही बारीक कीड समजा. दर तीन दिवसांनी खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.