महासाथीमुळे किशोरवयीन मुलांच्या नेहमीच्या लसी खरंच मागे पडतात का? चुकलेला डोस नंतर देता येतो का?

पडतात, आणि तान्ह्या बाळांपेक्षा या मुलांच्या जास्त पडतात. बाळाच्या लसीची तारीख आईच्या डोक्यात पक्की असते. बारा-तेरा वर्षांचं धडधाकट पोर दवाखान्यात जाईल कशाला? ते लसीला सापडतं शाळेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे आकडे बघा: बाळांच्या डीटीपी लसीच्या (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्यावरची) तिसऱ्या डोसचं प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ८१ वर आलं. वयात येणाऱ्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवायला देतात त्या एचपीव्ही लसीचं २०१९ मध्ये जेवढं होतं, त्यातलं पाव हिश्शाहून जास्त गेलं.

मी शिक्षिका आहे. मार्च २०२० मध्ये सातवीच्या मुलींच्या एचपीव्हीच्या दुसऱ्या डोसची संमतिपत्रं माझ्याकडे जमा झाली होती, पालकांच्या सह्यांसकट. शाळा बंद झाली आणि गठ्ठा स्टाफरूमच्या कपाटातच राहिला. शाळा उघडल्यावर मी तो काढून मुख्याध्यापकांपुढे ठेवला, तर म्हणाले, "मॅडम, अभ्यासक्रम केवढा मागे पडलाय! लसीचं पालक बघतील." पालक काय बघणार? मी घरोघरी फोन लावले. एका आईची समजूत, कोविडची लस घेतली त्यात सगळं आलं. एक वडील म्हणाले, "आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल ना? मग राहू दे."

नाही लागत! अंतर कितीही वाढलं तरी आधीचा डोस वाया जात नाही. राहिलेला तेवढा घ्यायचा. धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर राहिला असेल तर तोही उशिरा घेता येतो. एवढी साधी गोष्ट घरोघरी कुणीतरी सांगायला हवी होती, आणि ते काम शाळेचंच होतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. अभ्यासक्रम जादा तास घेऊन भरून काढलाच की! लसीकरणाला अर्धा दिवस लागला असता. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस आहे ही, स्नेहसंमेलन नव्हे.

तुमच्या शाळेत लसीकरण पुन्हा सुरू झालंय का, ते आधी विचारा. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर कार्ड घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. किती डोस लागतील हे देशागणिक आणि वयानुसार बदलतं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीच्या एका डोसचा पर्यायही मान्य केलाय. आधीच्या डोसला जोराची ॲलर्जी आली असेल तर मात्र ते आधी सांगा.