फ्लॅट घेऊ का २५ लाख? ताई, आधी ते २५ लाख मोजूया

कोल्हापूरच्या फुलेवाडीहून एका ताईंचा मोठा मेसेज आलाय. थोडक्यात सांगतो. लग्नाला ११ वर्षं झाली, दीड वर्ष वेगळे राहतायत, आता दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलंय. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ चा, दोघंही ताईंकडं. ताई खाजगी शाळेत शिकवतात, पगार २८ हजार. नवऱ्याचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. त्यांची ऑफर अशी, एक तर फ्लॅट घे, बाजारात ४५ लाखाचा आहे पण वरचं १६ लाखाचं कर्ज तू फेड, नाहीतर २५ लाख एकरकमी घेऊन मोकळी हो. दोन्हीत अट एकच, पुन्हा पोटगी मागायची नाही, मुलांसाठी पण नाही. ताई विचारतात, फ्लॅट घेतला तर ४ लाख जास्त मिळतात, बरोबर ना?

ताई, वजाबाकी बरोबर आहे, पण खायचं काय? कर्जाची १२ वर्षं अजून बाकी आहेत आणि हप्ता १८ हजार, म्हणजे पगारातले उरले १० हजार, त्यात दोन पोरं, भाडं नाही हे खरं पण सोसायटीचा मेंटेनन्स, दूध, गॅस, शाळेची व्हॅन, एखादं दुखणं, कसं बसवणार? आणि कर्ज दोघांच्या नावावर आहे म्हणालात. कोर्टाच्या कागदात काहीही लिहा, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं, बँक लेखी सोडत नाही तोवर तिच्यासाठी तुम्ही दोघंही कर्जदारच, एक हप्ता चुकला की सिबिल दोघांचं बिघडतं.

आता ते २५ लाख. मेसेजच्या अगदी तळाला तुम्ही लिहिलंय की त्यात सासूबाईंकडं असलेले तुमच्या माहेरचे दागिने ६ लाखांचे धरलेत. अहो ते स्त्रीधन आहे. सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगितलंय की ते बायकोच्याच मालकीचं, सासरकडं नुसतं सांभाळायला असतं. तुमच्याच ताटातली भाकरी उचलून तुम्हालाच वाढायची आणि वर त्याला पोटगी म्हणायचं, असला प्रकार झाला हा. म्हणजे खरी ऑफर १९ लाख. ७ टक्क्यांनी एफडीत टाकले तर महिन्याला ११ हजार येतील, आज बरे वाटतील पण ते ११ च राहणार आणि फी मात्र दरवर्षी वाढत जाणार.

पण माझं खरं म्हणणं पुढंच आहे. तुम्ही तुमची पोटगी सोडा किंवा घ्या, तो तुमचा निर्णय. मुलांची पोटगी ही मुलांची आहे, ती सोडायचा अधिकार आईला नाही आणि बापाला ती सोडवून घ्यायचाही नाही. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यानं अल्पवयीन मुलांना पोसायची जबाबदारी आईवडील दोघांवर टाकलीय, त्यामुळं तुम्ही सही केली तरी मुलांच्या नावानं नंतर मागता येतं. पण "नंतर बघू" म्हणून सही करू नका, नंतरचं म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारखा, आणि तोवर फी कोण भरणार?

मला विचाराल तर दोन्ही पर्याय नको, तिसरा मांडा. फ्लॅट आणि कर्ज त्यांच्याकडं राहू दे, बँकेकडून तुमचं नाव कर्जातून लेखी काढून घ्या. दागिने वेगळे परत. तुम्हाला एकरकमी १५ लाखाच्या आसपास, आणि मुलांसाठी वेगळे महिन्याला १२ हजार, दरवर्षी ८ टक्के वाढीसह. ही वाढ कागदावर आलीच पाहिजे, कारण ८ टक्क्यांनी ९ वर्षांत १२ चे २४ होतात, तेव्हा पोरगी १७ ची असेल, नेमकी बारावीत. फ्लॅटच हवा असा जीव अडकला असेल तर कर्ज त्यांनी आधी फेडायचं आणि बक्षीसपत्र डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाच्या, आधी रजिस्टर करायचं, नवरा बायको असताना मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, डिक्री झाली की ती सवलत गेली.

"सध्या ऑर्डर नाहीत" असं ते म्हणतायत. असेल, मशीन शॉपवाल्यांचे मंदीचे दिवस मी पण बघितलेत, पण तीन वर्षांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न आणि जीएसटीचे कागद मागा. २०२० पासून सुप्रीम कोर्टानं पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट सक्तीचं केलंय, संमतीच्या केसमध्ये तुम्ही स्वतःहून मागून घ्या. आणि "कोर्टात गेलीस तर अपिलाला मुंबईच्या चकरा मारशील" ही धमकी आता जुनी झाली, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं कोल्हापुरातच बसतंय.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. महिन्याची पोटगी त्यांच्या जिवावर उभी आहे, आणि मशीन शॉप म्हटलं की कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं बँकेचं कर्ज, असणारच, उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर आधी देणेकरी दारात येणार. म्हणून त्यांनी स्वतःवर टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा, घ्यायचा तो १८७४ च्या मॅरिड वुमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टखाली, मुलं लाभार्थी लावून. त्या पैशाला देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. हप्त्याची पावती दरवर्षी तुम्हाला दाखवायची, हेही अटीत घाला.

सासूबाई म्हणतात नातू आमच्याकडं ठेवा, नात तुमच्याकडं, म्हणजे पोटगीचा प्रश्नच मिटला. हिशोबात बसतंय म्हणून हे मान्य करू नका. पाच वर्षांच्या आतलं मूल कायद्यानं साधारण आईकडंच राहतं, आणि कोर्ट बघतं ते मुलाचं हित, आजीची हौस नाही. ४ वर्षांच्या पोराला त्याच्या बहिणीपासून तोडून महिन्याचे काही हजार वाचवायचे, मला तर हे लिहितानाही कसंतरी होतंय.

पैसे हप्त्यात मिळणार असतील तर शेवटचा हप्ता दुसऱ्या अर्जाच्या दिवशी (संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोनदा यावं लागतं, त्यातली दुसरी वेळ), हातात डीडी आल्याशिवाय "सगळं मिळालं" वर सही नाही. पोरीचं सुकन्या खातं काढलं नसेल तर १० वर्षांची व्हायच्या आत काढा, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि ते पैसे तिचेच राहतात.

आणि हो, तुमच्या मावशींचे मिस्टर ज्या पतसंस्थेत चेअरमन आहेत तिथं सगळी रक्कम टाकायची म्हणताय, एक टक्का जास्त देतात म्हणून. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, सहकारी बँकेत पण, पतसंस्थेला तो नाही. मावशींना वाईट वाटू नये म्हणून हवं तर २५ हजाराची पावती करा, बाकीचे दोन तीन बँकांत वाटून ठेवा आणि कुठं ठेवलेत ते मावशींना सांगू नका.