घरच्या वाडीत चेनसॉ चालवायचा आहे. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट चालेल, की जाळीचं महागडं घ्यावं?

माझ्या डाव्या भुवईवर आठ टाक्यांची खूण आहे, ती असल्याच पिवळ्या हेल्मेटची. म्हणून लिहितोय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या वाड्यांत माड-पोफळी अक्षरशः आडव्या झाल्या. आठवड्याभराने मी मामांच्या वाडीत तोडणीला गेलो, सोबत मामेभाऊ, आमचा दादा. वाटेवर पडलेल्या आंब्याचं खोड मी कापत होतो. शेजारच्या फणसात मोडकी फांदी अडकून लटकली होती, ती मी वर मान करून पाहिलीच नव्हती. दादा ओरडला म्हणे, पण मशीन चालू असताना कोण काय ऐकणार? मनगटाएवढी फांदी डोक्यावर आली, हेल्मेटचं कवच तडकलं आणि फुटक्या कडेनेच कपाळ फाडलं.

ते हेल्मेट चार वर्षं टेम्पोच्या पुढच्या काचेमागे उन्हात पडून होतं. रंग उडून पांढुरका झालेला. आतल्या पट्ट्यांचा एक हूक तुटला होता, तिथे मी सुतळी बांधलेली. वर घाम टिपायला पट्टे आणि कवच यांच्यामध्ये टॉवेल कोंबलेला. मार जिरवायला ठेवलेली जागा तीच, आणि ती मीच बुजवली होती.

तेव्हापासून घरात कार्य असलं की दादा चारचौघांत म्हणतो, "हेल्मेट घालून टाके पडले, मग घालायचं कशाला?" ऐकणारे माना डोलावतात. मला याचा राग येतो, कारण त्याचं ऐकून वाडीवरचे दोन गडी आजही नुसता गमछा बांधून मशीन चालवतात.

तर तुमचं उत्तर. पिवळं हेल्मेट नवं आणि आयएस 2925 चा (कारखाने-बांधकामाच्या हेल्मेटचं भारतीय मानक) शिक्का असलेलं असेल तर टाळूपुरतं चालेल. कान आणि तोंड उघडंच राहतं. चेनसॉचा आवाज कानाशी 100 डेसिबलच्या वर जातो, पाच-सात पावसाळे असंच काम केलंत तर घरच्यांची हाक ऐकू येणार नाही. म्हणून कानावरचे कप आणि जाळी हेल्मेटलाच बसवलेली असते ते घ्या. काचेपेक्षा जाळीच बरी, आमच्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते. दुकानात आधी हेल्मेट उलटं करा. आत घड्याळासारखा गोल शिक्का असतो, मधे साल आणि बाण महिन्यावर. मला एकाने पाच वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून दिला होता, तो मी परत केला.

ठेवायचं सावलीत. साबण आणि कोमट पाण्याने धुवायचं. चेनच्या तेलाचे डाग काढायला पेट्रोलचं फडकं फिरवतात, ते अजिबात नको, प्लॅस्टिक आतून कमकुवत होतं. थिनर, रंग, स्टिकरही नको. अधूनमधून दोन्ही बाजूंनी तळहातांनी दाबून बघा. करकर वाजलं की ते बाद. जोराचा मार बसला तर चीर दिसत नसली तरी बदला. कानाच्या कपांच्या गाद्या घामाने कडक होतात, त्या साधारण सहा महिन्यांनी नव्या घालायच्या.

हेही सांगायला हवं की जाळीतून बारीक भुसा आत येतोच, आत चष्मा लावा. चेन जिच्यावर फिरते त्या लोखंडी पट्टीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली की मशीन तोंडाकडे उसळतं, आणि फिरती चेन जाळीने अडत नाही. माडावर चढून कापणार असाल तर हे हेल्मेट नकोच. युरोपच्या मानकात कारखान्याच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा 150 ते 250 न्यूटनच्या (साधारण 15 ते 25 किलोच्या) ओढीला मुद्दाम सुटतो, कुठे अडकला तर गळफास बसू नये म्हणून. गिर्यारोहकांच्या हेल्मेटचा पट्टा किमान 500 न्यूटनपर्यंत धरून राहतो. चढायला ते घ्या.

दादा इथली उत्तरं वाचतो हे मला माहीत आहे. दादा, ते फुटकं हेल्मेट मी टाकलेलं नाही, माळ्यावर आहे. गणपतीला येशील तेव्हा खाली काढतो. तुझ्या हाताने दाबून बघ, कसं वाजतं ते.