कॉइलओव्हर घालण्याआधी पत्रा ठोकून बघा

पाऊस ओसरून जुन्या गाड्यांवरची कव्हरं निघाली की माझ्याकडे कॉइलओव्हरचे प्रश्न सुरू होतात. शॉकअपभोवतीच स्प्रिंग, आणि आट्यांवरची चकती फिरवून उंची कमी-जास्त करायची, एवढीच ही वस्तू. घोळ असतो तो ती बसते त्या जागेचा.

माझी पोर्शे ९११ १९७८ ची आहे. टॉर्शन बार काढून चारही चाकांना कॉइलओव्हर घालायचे आहेत. सरळ बसतात ना? (दोनापावल)

बसतात. पण तुमच्या गाडीचं वजन पेलतो तो टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी पोलादी दांडी. मागच्या बाजूला हे वजन आडव्या नळीतून बॉडीच्या तळाला जातं. शॉकअपची वरची बैठक केली आहे ती फक्त शॉकअपचे धक्के सोसायला. टॉर्शन बार काढलात की मागचं सगळं वजन, इंजिनासकट, त्या बैठकीवर येतं. म्हणून तिथे जादा पत्रा वेल्ड करून जोर द्यावा लागतो. १९८९ च्या ९६४ मध्ये, म्हणजे ९११ च्याच पुढच्या पिढीत, पोर्शेने स्वतःच कॉइल स्प्रिंग दिल्या, पण तेव्हा खालचा सांगाडाही बदलला.

आणि वेल्ड करणार कशावर? मागे किनाऱ्यालगतच्या एका गाडीची ही बैठक तपासत होतो. वरून रंग चकचकीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर ‘टण्’ऐवजी ‘थप्’. अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारतात तो जाड थर) खरवडलं, तर लाल मातीचा ओला गोळा हातात आला आणि मागोमाग पत्र्याचे पापुद्रे. तो मालक कॉइलओव्हरचं किट मागवून बसला होता.

नुसता कडकपणाच हवा असेल तर जाड टॉर्शन बार घाला. दांडीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ मिमीच्या जागी २१ मिमीची घातली तर जवळजवळ दीडपट. वेल्डिंग नाही, आणि मन बदललं तर जुनी दांडी परत बसते. माझी गाडी असती तर मी हेच केलं असतं.

बाबांची १९६७ ची एमजीबी आहे. शॉकअप गळतात, गाडी होडीसारखी डुलते. कॉइलओव्हरने भागेल का? (म्हापसा)

पुढे कॉइल स्प्रिंग कंपनीनेच दिलेल्या आहेत! गळतात ते लिव्हर-आर्म, म्हणजे हात असलेले जुन्या पद्धतीचे शॉकअप. पुढे त्यांचाच हात वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक वरून धरणाऱ्या दांडीचं काम करतो, त्यामुळे ते ढिले झाले की चाकाचा कोनही हलतो. ते रिकंडिशन करून घ्या, सांध्यांतले बुश बदला, किंगपिनला (पुढचं चाक वळतं त्या खिळीला) ग्रीस द्या आणि महिनाभर चालवा. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, नुसतं वजन उचलत नाहीत, ॲक्सलही जागेवर धरतात. ते काढले तर ॲक्सल धरायला दांड्या, दांड्यांना ब्रॅकेट, ब्रॅकेटला वेल्डिंग. होडी डुलते म्हणून नवा धक्का बांधण्यातला प्रकार.

गाडी किती खाली आणू? (मडगाव)

ते तुमच्या वाड्यावरचा गतिरोधक ठरवेल. चौघांना बसवून त्याच्यावरून न्या, मग चकतीला हात लावा.

आरटीओत अडचण येईल का? (डिचोली)

येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपातल्या गाडीला. चॅसी कापून वेल्ड केलीत तर ती वाटही बंद होऊ शकते. आधी लेखी विचारा, आणि काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका.

कॉइलओव्हर दोन वर्षांपूर्वी घातले. आता चकती फिरतच नाही. (कळंगुट)

चकती ॲल्युमिनियमची, आटे पोलादाचे, मध्ये खारं पाणी. दोन धातूंची बॅटरीच झाली, आणि तिच्यात आधी खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. आट्यांत पांढरी भुकटी दिसेल ती त्याचीच. पान्यावर पाइप चढवून जोर लावू नका, चकतीचे दात तुटतात. गाडी स्टँडवर घेऊन चाक लोंबू द्या, म्हणजे स्प्रिंगवरचा भार उतरेल. गोड्या पाण्याने धुवा, नायलॉनच्या ब्रशने आटे घासा, पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा. सुटली की अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावा. यापुढे पावसाआधी एकदा आणि चतुर्थी झाल्यावर एकदा, उंची बदलायची नसली तरी, चकती एक फेरा फिरवून परत जागेवर आणा.